गायनपार्टीचे नाव हिशेबाच्या वहीत



मार्च लागला की माझ्यामागे दोन कामे लागतात. कचेरीत ३१ मार्चचे हिशेब आणि घरी माणगावची तयारी. हातकणंगले तालुक्यातले माणगाव या साप्ताहिकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तिथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्षस्थानी वयाची तिशीही न गाठलेले बाबासाहेब होते, आणि राजर्षी शाहू महाराजांनी भर सभेत त्यांना आपल्या लोकांचा पुढारी म्हणून पुढे केले. त्या भूमीला अभिवादन करायला आमच्या वस्तीतली माणसे दरवर्षी जातात. परिषदेच्या शताब्दीचा दिवस, २२ मार्च २०२०, नेमका जनता कर्फ्यूचा निघाला. त्या वर्षी आम्ही घरातच मेणबत्ती लावली. ती हुरहूर मनात असल्यामुळे की काय, त्यानंतर एकही वर्ष मी चुकवलेले नाही.

माणगाव ही सुरुवात. तिथून जो हंगाम लागतो तो १४ एप्रिलच्या आधी-नंतर महिनाभर चालून थेट बुद्धपौर्णिमेला संपतो. करवीर, हातकणंगले, शिरोळ, कागल, कुठल्याही तालुक्यात जा, समाजमंदिरासमोर मांडव पडलेला दिसेल. गावोगावच्या जयंत्या एकाच दिवशी होत नाहीत. त्यामुळे एका गायनपार्टीला महिन्यात पाच-सात ठिकाणी गाता येते आणि ऐकणाऱ्यालाही पाच-सात रात्री मिळतात. उघड्यावर, आभाळाखाली, सतरंजीवर बसून गाणे ऐकायचे. पुण्या-मुंबईत मोठमोठे संगीत महोत्सव होतात, त्यांची तिकिटे हजारांच्या घरात असतात. आपला हा महोत्सव फुकट आहे. फुकट आहे म्हणूनच आपण त्याला किंमत देत नाही की काय, अशी शंका मला अलीकडे येऊ लागली आहे. ती का येऊ लागली, ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी तयारीचे बोलू, कारण हे कुटुंबाचे पान आहे आणि उघड्यावरच्या कार्यक्रमाला बायकामुलांसह जायचे तर घरातल्या बाईलाच सारे पाहावे लागते.

पहिली गोष्ट वेळेची. पत्रिकेवर सायंकाळी ७ लिहिलेले असले की आपण ९ ला निघतो. "एवढ्यात काय, सुरू व्हायचं असंल" हे वाक्य प्रत्येक घरात ठरलेले. परिणाम असा की पहिली दोन तास जी स्थानिक पार्टी गाते ती रिकाम्या सतरंज्यांपुढे गाते आणि नावाजलेला गायक आला की मैदान भरते. आमच्या भागातल्या ढोलकीवाल्याने एकदा मला हसत हसत सांगितले, "ताई, आम्ही गातोय तोवर खुर्च्या मांडत्यात. आम्ही उठलो की माणसं बसत्यात." तो हसला, मला मात्र हसू आले नाही. तेव्हापासून आमचे घर पहिल्या गाण्याला हजर असते.

बरोबर काय घ्यावे? जाड सतरंजी किंवा चटई हवीच, कारण मैदानात मांडव असला तरी खाली माती असते. एप्रिलमध्ये वळवाचा भरवसा नाही, म्हणून प्लॅस्टिकचा एक मोठा कागद घडी करून पिशवीच्या तळाला ठेवावा. पाऊस नाही आला तर तोच सतरंजीखाली घालावा. भाकरी, खर्डा, झुणका, मुलांसाठी चिरमुरे-फुटाणे. पाणी घरचेच भरपूर, कारण दिवसभराचे ऊन अंगात असते आणि गाणे ऐकताना तहान कळत नाही. डास पळवायचे मलम. म्हाताऱ्या माणसांना पहाटेकडचा गार वारा बाधतो, त्यांच्यासाठी एक शाल. लहान मुलाच्या खिशात घरच्यांच्या फोन नंबराची चिठ्ठी ठेवावी. गर्दीत मूल चुकले की माईकवरून पुकारा होईपर्यंत आईचा जीव कसा होतो ते मी अनुभवले आहे. परतीची सोय आधी ठरवावी. माणगावला रेल्वेने जायचे तर कोल्हापूर-मिरज मार्गावरचे रुकडी स्टेशन जवळचे, पण रात्री उशिरा गाडी असेलच असे नाही. चार घरांनी मिळून एक टेम्पो किंवा जीप ठरवलेली बरी.

बसायचे कुठे, हाही विचार करावा. आपल्याकडे पुढे बसणे मानाचे समजतात आणि पुढची जागा नेमकी कर्ण्याच्या तोंडाशी असते. लहान मूल मांडीवर असेल तर कर्ण्याच्या सरळ रेषेत कधीही बसू नये. थोडे बाजूला, पण ढोलकीवाल्याची बोटे दिसतील असे बसावे. थाप कशी पडते, घुमारा कुठून निघतो, झील धरणारे श्वास कुठे घेतात, हे दिसले की मुलांना गाणे ऐकण्यात निराळीच गोडी लागते.

आणि एक गोष्ट कोणी बोलत नाही म्हणून मी लिहिते. बायकांच्या शौचालयाची सोय. मैदानावर चार तास बसायचे तर ती लागणारच. संयोजकांना विचारायला आपण लाजतो, मग घरून निघताना पाणीच पीत नाही किंवा अर्ध्यातून उठून घरी येतो. गाण्यापुढे बायका कमी दिसतात त्याचे हे एक साधे कारण आहे. आमच्या महिला मंडळाने आयोजक मंडळाला आधी निरोप धाडायची पद्धत पाडली आहे: आम्ही वीस जणी येणार, समाजमंदिराशेजारच्या घराची किल्ली कोणाकडे आहे ते सांगून ठेवा. एवढ्यावर काम होते.

पैशांचे म्हणाल तर दहा-वीसच्या सुट्या नोटा घ्याव्यात. गाण्यांच्या पुस्तिका असतील तर एक तरी घ्यावी. बक्षीस द्यायचे तर गाणे थांबवून, माईकवरून आपले नाव पुकारून देऊ नये. गायक कडव्यात रंगलेला असतो आणि निवेदक मध्येच "अमुक अमुक यांच्याकडून एकावन्न रुपये" म्हणून ओरडतो. त्या एकावन्न रुपयांत गाण्याचे सूत तुटते. पाकिटात घालून, गाणे संपल्यावर, साथीदारांच्या हाती द्यावे. ढोलकीवाला, पेटीवाला, झीलकरी यांच्याही वाट्याला त्यातले काही येईल असे पाहावे.

आता मुख्य मुद्दा. आमच्या वस्तीच्या जयंती मंडळाची मी खजिनदार आहे. बाईकडे तिजोरी दिली म्हणून सुरुवातीला कुजबुज झाली, पण बी.कॉम. झालेले दुसरे कोणी हिशेब अंगावर घ्यायला तयार नव्हते. अकरा वर्षे झाली. जमा-खर्च चोख आहे, एक पैसाही इकडचा तिकडे नाही, असे मी अभिमानाने सांगत असे.

२०१८ सालची जयंती. मिरवणुकीला डॉल्बी लावायचा तरुणांचा आग्रह होता. वाचकांपैकी जे कोल्हापूरबाहेरचे आहेत त्यांना सांगते, आमच्याकडे मोठ्या भिंतीएवढ्या साउंड सिस्टीमला सरसकट डॉल्बी म्हणतात. वर्गणीचा मोठा वाटा तिकडे गेला. रात्री मैदानात गायनाचा कार्यक्रम ठेवला होता. पार्टी आमच्याच भागातली, तिचे शाहीर सत्तरीला टेकलेले. मी त्यांना लहानपणापासून शाहीरमामा म्हणते. माझ्या वडिलांच्या खांद्यावर बसून मी त्यांचे गाणे ऐकले आहे, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९१ साली. कार्यक्रमाची वेळ सातची. मिरवणूक परत आली साडेनऊला. मग पाहुण्यांची भाषणे. शाहीरमामांच्या हाती माईक आला तेव्हा दहाला दहा मिनिटे कमी होती. त्यांचे एक गाणे झाले, दुसरे अर्ध्यावर होते, तेवढ्यात पोलीस बंदोबस्तावरच्या माणसाने घड्याळ दाखवले. त्याचे काही चुकले नव्हते. शाहीरमामांनी पेटीचा भाता मिटला, ढोलकी कापडात गुंडाळली आणि म्हणाले, "असू दे पोरी, पुढच्या साली." मी त्यांना पाकीट दिले. त्यात जे होते ते डॉल्बीच्या जनरेटरच्या डिझेलपेक्षा कमी होते.

हे मला तेव्हा लागले, पण फार नाही. खरे लागले ते सहा वर्षांनी.

राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक व कलावंतांसाठी मानधन योजना आहे. योजना फार जुनी. पूर्वी तिचे वेगळे नाव होते आणि मानधन श्रेणीप्रमाणे कमी-जास्त होते. २०२४ पासून सर्वांना सारखे, दरमहा ५,००० रुपये झाले. वयाची पन्नाशी उलटलेली असावी, निदान पंधरा वर्षे कलेत घालवलेली असावीत, उत्पन्न मर्यादेत असावे, आणि आपण कलावंत आहोत याचा पुरावा जोडावा लागतो. ही बातमी ऐकून शाहीरमामा आमच्या घरी आले. हातात प्लॅस्टिकची पिशवी. तिच्यात आधारकार्ड, रेशनकार्ड, एक पिवळी पडलेली पत्रिका आणि एक फोटो. फोटोत ते आहेत, पण मागचा फलक कापला गेलेला, त्यामुळे कुठला कार्यक्रम ते कळत नाही.

"ताई," ते म्हणाले. एरवी मला पोरी म्हणणारा माणूस कामासाठी आला म्हणून ताई म्हणाला, तेही मला टोचले. "तुमच्या मंडळात किती साल गायलो तेवढं वहीत बघून लिहून द्या की. तुमची वही एकदम पक्की असती, सगळी म्हणत्यात."

मी वह्या काढल्या. एकेक वर्ष उलटत गेले. मांडव, नाव आणि पावती क्रमांकासह. डॉल्बी, नाव आणि बिलासह. जनरेटर, हार-फुले, बॅनर, पाहुण्यांचे चहापान, सगळे नावानिशी. शाहीरमामा कुठेच नाहीत. मग मला आठवले. त्यांना द्यायची रक्कम लहान, ते बिल देत नसत आणि मीही मागत नसे. ती रक्कम मी दरवर्षी "किरकोळ खर्च" या सदरात घालत आले होते. बसभाडे, मेणबत्त्या, दोरी, टाचण्या आणि शाहीरमामा. माझ्या आधीच्या खजिनदारांनीही तेच केलेले. चाळीस वर्षे गाणारा माणूस आमच्या चोख हिशेबात कुठेही नव्हता.

मी त्यांना ते लगेच सांगू शकले नाही. "बघून ठेवते मामा, दोन दिवसांनी या," म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

त्यानंतर महिनाभर आम्ही बायकांनी जे केले त्याला शोधमोहीमच म्हणावे लागेल. घरोघर जाऊन जुन्या पत्रिका मागितल्या. कोणाकडे ट्रंकेच्या तळाला कागद म्हणून घातलेली पत्रिका निघाली, कोणाकडे लग्नाच्या अल्बममध्ये जयंतीचा फोटो. शेजारच्या दोन गावच्या मंडळांना लेटरहेडवर लिहून द्यायला सांगितले. त्यांच्याही वहीत नाव नव्हते, पण माणसांच्या स्मरणात होते. आमच्या मंडळाने ठराव करून दाखला दिला. माझ्या मुलाने मोबाईलवर त्यांची तीन गाणी चित्रित केली, सुरुवातीला नाव, गाव आणि तारीख त्यांच्याच तोंडून वदवून घेतली. अर्ज दाखल झाला आहे.

या खटपटीत मला एक गोष्ट नव्याने कळली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्या कवी-शाहिरांची रीत अशी की गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफायचे. वामनदादा कर्डकांची गाणी घ्या. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला जन्मलेला, मोठेपणी अक्षरओळख झालेला हा माणूस २००४ मध्ये जाईपर्यंत गावोगाव गात हिंडला, आणि त्यांच्या गाण्यात शेवटी वामन येतो. ती नुसती हौस नव्हे, तीच त्यांची सही. आता डॉल्बीवर काय वाजते ते नीट ऐका. गाण्याचा मुखडा घेतात, त्याला ठोका जोडतात आणि तोच मुखडा पुन्हा पुन्हा फिरवतात. कडवी जातात आणि शेवटच्या कडव्यातले नावही जाते. माझ्या मुलाला मी विचारले, "हे गाणं कुणाचं?" त्याने डीजेचे नाव सांगितले. त्याला दोष कसा देऊ? त्याने जे ऐकले त्यात कवी नव्हताच. आणि माझ्या वहीत तरी कुठे होता?

हे गाणे आपल्याकडे आले कुठून, याची थोडी आठवण ठेवायला हवी. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे जलसे या कोल्हापूरच्या मातीत रुजले. १९११ साली इथे सत्यशोधक समाज नव्याने उभा राहिला तो शाहू महाराजांच्या आधाराने. महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांसारख्या गवयाला दरबारात ठेवले, पैलवानांसाठी खासबागचे मैदान बांधले आणि माणगावच्या दोन महिने आधी बाबासाहेबांनी काढलेल्या 'मूकनायक'ला अडीच हजार रुपये दिले. गवई, पैलवान, पत्रकार, कोणालाही त्यांनी नुसत्या शाबासकीवर बोळवले नाही. पुढे १९३० नंतरच्या काळात नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशातली ढोलकी घेतली, सोंगाड्या घेतला, सवाल-जवाब घेतले आणि त्यांत शिक्षण, स्वच्छता, मृतमांस सोडणे, सत्याग्रह हे विषय घातले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत बाबासाहेब या गाण्यातून पोहोचले. आमच्या शेजारच्या वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे, प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, ही सारी त्याच वाटेवरची माणसे. उमपांनी तर २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरला दीक्षाभूमीवरच, मंचावर, देह ठेवला.

बायकांचे गाणे यात निराळेच. माझी आजी जात्यावर ओव्या म्हणत असे. त्यांत बाबासाहेब तिचे भाऊ होते, रमाई तिची भावजय होती. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रभर हिंडून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या आहेत. आजीच्या ओव्या मात्र कोणी उतरवून घेतल्या नाहीत, मीसुद्धा नाही. जाते माळ्यावर आहे.

आता हलगीचा प्रश्न. हा जरा नाजूक आहे. माझे आजोबा हलगी वाजवत. गावच्या वरातीपुढे, जत्रेपुढे वाजवायचे ते काम जातीने गळ्यात पडलेले. वाजवणारा बाहेर, जेवणाऱ्यांच्या पंगती आत. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर त्यांनी हलगी खुंटीला टांगली ती परत काढली नाही. आमच्याकडच्या कितीतरी घरांत असेच झाले. १९५८ च्या कायद्याने महारवतन गेले आणि ती सक्तीही गेली. त्या पिढीच्या मनातला हलगीचा राग मी समजू शकते. म्हणून मिरवणुकीला डॉल्बीऐवजी हलगी, घुमके, कैताळ लावू असे मी बैठकीत म्हणाले तेव्हा एका वयस्क काकांनी भर सभेत विचारले, "परत गळ्यात घालायचं व्हय ते?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हते, आजही पुरते नाही. पण मला वाटते, सक्तीने, शिळ्या भाकरीवर वाजवणे वेगळे आणि करार करून, आधी पैसे घेऊन, मानाने जेवून वाजवणे वेगळे. आज आमच्या भागात हलगी-सनई वाजवणारे बहुतेक मातंग आणि होलार समाजातले बांधव आहेत. खासबागेत कुस्ती लागली की त्यांच्या हलगीशिवाय पैलवानाला चेव येत नाही. त्यांच्या पोटावर डॉल्बीने पाय दिला आहे. आपल्या मिरवणुकीत त्यांना बोलावले आणि पंगतीत शेजारी बसवले तर बिघडले कुठे? काकांनी अजून मान हलवलेली नाही. त्यांचे म्हणणेही मी इथे नोंदवून ठेवते.

डॉल्बीबद्दल नुसता संताप करून भागत नाही, कायदा माहीत हवा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. डेसिबलचा हिशेब साध्या बेरजेचा नाही. आकडा दहाने वाढला की आवाजाची शक्ती दहापट होते. हे मला माझ्या मुलाने समजावले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार १२ वाजेपर्यंत सूट देऊ शकते. ते दिवस कोणते, याची यादी प्रशासन काढते. आपल्या कार्यक्रमाची तारीख त्यात बसते का, ते पत्रिका छापण्याआधी पाहून घ्यावे आणि लेखी परवानगी काढावी. आपण नेमके उलटे करतो. परवानगीची वेळ डॉल्बीत आणि भाषणात संपवतो आणि घड्याळाची कुऱ्हाड गाणाऱ्यावर पडते. २०१८ ला आमच्याकडे झाले ते असेच.

म्हणून गेल्या वर्षीपासून आम्ही काही बदल केले. एकदम सगळे बदलले, असे सांगितले तर ते खोटे होईल. डॉल्बी पूर्ण बंद झालेला नाही. तरुणांनी तो अर्ध्यावर आणला, एवढे खरे. माझा मुलगाही त्याच्यापुढे नाचतो. पण गायनाची रात्र मिरवणुकीच्या दिवसापासून वेगळी केली. त्या रात्री पाहुण्यांचे भाषण एकच, तेही पंधरा मिनिटे. त्रिशरण-पंचशील झाले की सातला पहिले गाणे. स्थानिक पार्टीला आधी किंवा नंतर असे न ठेवता मधली, भरल्या मैदानाची वेळ द्यायची. पिऊन आलेल्याला मैदानात जागा नाही, हे महिला मंडळाने दारातच उभे राहून पाहायचे. पत्रिकेवर पाहुण्यांच्या नावांइतक्याच मोठ्या अक्षरात शाहिराचे, ढोलकीवाल्याचे, पेटीवाल्याचे नाव छापायचे आणि त्या पत्रिकेच्या दोन प्रती त्यांच्या हाती द्यायच्या. कार्यक्रम झाला की मंडळाच्या लेटरहेडवर दाखला: तारीख, ठिकाण, कला, सही, शिक्का. याला खर्च काहीच येत नाही. पण वय झाल्यावर ट्रंकेतली पत्रिका शोधत फिरायची पाळी त्या माणसावर येत नाही. इतर गावच्या खजिनदारांना माझी विनंती आहे की आपल्या वह्यांतले "किरकोळ" हे सदर एकदा उघडून पाहावे, आत कोण कोण आहे.

या मार्चमध्येही माणगावला आमच्या गल्लीतून दोन जीपगाड्या ठरल्या आहेत. सतरंज्या उन्हात टाकल्या आहेत, खर्ड्याच्या मिरच्या निवडायच्या आहेत. शाहीरमामा पहिल्या गाडीत पुढे बसणार, कारण त्यांचे गुडघे दुखतात आणि पेटी मांडीवर घ्यायला जागा लागते.

एप्रिलच्या कार्यक्रमाचा इसार त्यांना गेल्या रविवारी दिला. नवी वही काढली होती. पहिल्या पानावर, वर्गणीच्या आधी, खर्चाचे पहिले सदर लिहिले, "गायनपार्टी, बिदागी", आणि पुढे त्यांचे पूर्ण नाव. व्हाउचर समोर ठेवले. त्यांनी चष्मा पुसला, पेन मागितले आणि म्हणाले, "सही कुठं करायची म्हणतीस, पोरी?" मी बोट ठेवले. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर सोडवत, सही केली आणि शाई वाळेपर्यंत वही मिटू दिली नाही.